विमानाचा कप आणि मी

मित्रांनो, मी एक जुना चिनीमातीचा कप आहे. वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला सुगंधाकाकींच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. माझ्या काठाला निळी रेघ आहे. पोटावर गुलाबाचं फूल होतं. त्याच्या आता दोन पाकळ्या उरल्या आहेत.

मी माझी जीवनकहाणी सांगणार आहे. माझी. दुसऱ्या कोणाची नव्हे. पण मी सांगायला लागलो की मध्येच तो दुसरा कप येतो. त्याला बाहेर ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून तो आला की त्याला मी कंसात टाकीन. तुम्ही कंस वाचू नका.

माझा जन्म भट्टीत झाला. आधी मला चिखल केलं, मग चाकावर फिरवलं, मग वाळवलं, मग भाजलं. भाजताना माझ्या शेजारचे दोघे तडकले. मी तडकलो नाही. (त्याला कोणी भाजलेलं नाही. साच्यातून तो तयारच बाहेर पडतो. असो.)

१९५३ साली मी मुंबईहून बोटीने वेंगुर्ल्याला आलो. खोक्यात पेंढा घालून आम्हाला निजवलं होतं. बोट किनाऱ्याला लागत नाही. ती लांब समुद्रात उभी राहते आणि तिथून माणसांना, सामानाला लहान होडीत, म्हणजे पडावात उतरवतात. उतरवताना आमचा खोका कोणाच्या तरी हातून निसटला आणि पडावात आपटला. बारा जणांत एकही फुटला नाही. त्या प्रवासाचा मला फार अभिमान होता. (तो विमानातून आला.)

आम्ही सहा कप आणि सहा बश्या. सुगंधाकाकींच्या यजमानांनी, म्हणजे भाईंनी, आम्हाला वेंगुर्ल्याच्या बाजारातून आणलं. मुलगा गुरुदास मुंबईला नोकरीस लागला होता. आता मुंबईचे पाहुणे येतील, त्यांना पितळेच्या पेल्यातून चहा कसा द्यायचा, अशी काकींची काळजी. पाहुणे आले, गेले. येता-जाता माझी भावंडं फुटली. शेवटी मी राहिलो आणि माझी बशी राहिली.

बशीबद्दल थोडं सांगतो. ती माझ्याबरोबरच भाजलेली. तिच्या मधोमध एक गोल खोलगट खूण आहे, बरोबर माझ्या बुडाएवढी. दुसरा कोणताही कप तिच्यावर ठेवला की डुगडुगतो. मी डुगडुगत नाही.

बारा वर्षं मी रोज सकाळी काकींच्या हाती गेलो. गुळाचा कोरा चहा, त्यात कधी आल्याचा तुकडा. मला धूर लागला, राख लागली, नारळाच्या काथ्याने घासून घासून गुलाब झिजला. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब घरी आले होते. चहा पिऊन म्हणाले, "कप छान आहे हो तुमचा." बारा वर्षांत माझं कौतुक झालं ते एवढंच. मी ते जपून ठेवलं आहे.

१९५७ सालचा भाग मात्र सांगता येत नाही. तिथे माझा टवका उडालेला आहे.

आता १९६५. मित्रांनो, यापुढे कंस पुरणार नाहीत. तुम्ही वाचलंत तरी चालेल.

त्या वर्षी काकी सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या होत्या. इकडे भाई विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. आषाढ लागला होता. बोटी बंद होत्या आणि मुंबईचा रस्ता दोन ठिकाणी वाहून गेला होता. गुरुदास एका विमान कंपनीच्या सामानकोठीत कामाला होता. त्याने साहेबांना गाठून आईला गोव्याच्या विमानात बसवून दिलं. गोव्याहून शिरोडं जवळ. नद्यांवरच्या तीन तरी, म्हणजे होड्या, आणि दोन बसगाड्या केल्या की झालं.

काकी घरी आल्या. भाईंचा पाय बघितला, डोळे पुसले, चूल पेटवली. मग पदराची गाठ सोडली आणि तो बाहेर काढला.

पांढरा. गुळगुळीत. एक रेघ नाही, एक फूल नाही. काकींनी त्याला फळीवर माझ्या जागेवर ठेवलं आणि मला बशीसकट थोडं बाजूला सरकवलं.

तासाभरात शेजारची नर्मदा आली. नर्मदेला गावात घडलेलं सगळं आधी कळतं आणि ते तिला पटत मात्र नाही.

"काय गो सुगंधा," दारातूनच ती म्हणाली, "आता जमिनीर पाय ठेवतलंस काय नाय?"

"अगो, गप. भियान मी डोळे मिटून घेतलंय. विमान असा खाली-वर, खाली-वर. मगे ता चेडू इला, चाकरी करणारा. माझो हात धरल्यान आणि म्हणता कसा, 'भिंव नको आज्ये, गरम कॉफी घे.' आपल्यासारख्याच बोलणारा चेडू. कारवारचा."

"कॉफी? कितके पैसे घेतल्यान?"

"फुकट."

"फुकट?"

"फुकट गो! सगळ्यांका. कोटवाल्यांका दिल्यान तीच माका. आणि वर इचारता, आणखी होयी काय म्हणून."

"मगे?"

"मी म्हटलंय, नको गो बाय, तुका तरी उरांदी."

नर्मदा पोट धरून हसली. मग तिची नजर फळीवर गेली. "आणि फुकट म्हणून कपसुद्धा घेवन इलंस?"

"घेवन नाय इलंय. परत करूचो आसा."

"मगे थंयच कित्याक दिलंस नाय?"

काकींनी तिच्याकडे बघितलं. "रिकामो?"

नर्मदेला हे मात्र पटलं. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीने वाटीभर आमटी पाठवली, तर वाटी परत जाताना तीत कोकमाची चार सोलं जातात, नाहीतर गुळाचा खडा. घरात काहीच नसलं तर तुळशीचं पान. विमानात काकींचं गाठोडं आधीच काढून घेतलेलं, हाती होता फक्त एक रुमाल. ती कॉफी देणारी मुलगी कप मागायला आली तेव्हा काकी म्हणाल्या, "मगे देतंय." तेवढ्यात कोणाला तरी ओकारी झाली, ती तिकडे धावली, विमान उतरलं, आणि काकी कप पदरात बांधून खाली आल्या. आता तो भरून पाठवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मित्रांनो, त्या आठवड्यात आमच्या घरी जेवढी माणसं आली तेवढी भाईंचा पाय बघायलाही आली नव्हती. जो येई तो आधी भाईंना विचारी, "बरां मां?" आणि उत्तर ऐकायच्या आत स्वयंपाकघरात शिरे. कप हातात घेई, वर-खाली करी.

"साफ हलको गो!"

"काच नाय, माती नाय, लोखंड नाय," भाई खाटेवरून ओरडत. "मगे आसा काय तां?"

त्यातून चहा कोणी प्यायचा नाही, असं काकींनी बजावून ठेवलं होतं. परक्याचं भांडं. त्यामुळे त्याला चटका नाही, धूर नाही, काथ्या नाही. तो नुसता बसून राही आणि कौतुक चालत त्याच्यापाशी येई. मी मात्र रोजच्यासारखा सकाळी चुलीपाशी जाई, दुपारी राखेत जाई. काकी माझ्यातून चहा पीत आणि पिता पिता त्याची गोष्ट सांगत.

माझं काय जळत होतं, ते नीट सांगतो. तो गोरा होता म्हणून नव्हे. विमानात बसला म्हणूनही नव्हे. काकी त्याच्यातून आयुष्यात एकदा कॉफी प्यायल्या होत्या, आणि ती त्या जन्मभर सांगणार होत्या. माझ्यातून बारा वर्षं चहा प्यायल्या. तो कधी कोणाला सांगितला नाही.

बुधवारी गोव्यामार्गे गुरुदासचं पत्र आलं. भाईंनी खाटेवर बसून मोठ्याने वाचलं.

"ती. आईस गुरुदासचा साष्टांग नमस्कार वि. वि. तू ज्या विमानाने गेलीस त्यात मुंबईला परतल्यावर एक कप कमी भरला. यापूर्वीही दोन वेळा असं झालं असल्याने त्या विमानातल्या सत्यवती नावाच्या मुलीवर आळ आला आहे. येत्या शनिवारपर्यंत कप मिळाला नाही तर तिला कामावरून काढणार आहेत. वडील नाहीत, दोन भावंडं शिकतात, सर्व तिच्यावर आहे. तू कप नेला नसशीलच. परंतु चुकून आला असल्यास, शनिवारी दुपारी ती गोव्याच्या विमानावर आहे. तिच्याच हाती द्यावा."

भाईंनी पत्र खाली ठेवलं. काकी दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी बारा वर्षं खालून बघत आलो आहे. तसा तो कधी झाला नव्हता.

"माझो हात धरलेल्या चेडवाच्या पोटार मी पाय दिलंय," त्या म्हणाल्या.

"शुक्रवारी सकाळी निघ," भाई म्हणाले. "म्हापशाक आपल्या काशीबाईकडे वस्ती कर. शनिवारी दुपारच्या आत पोचतलंस. कप दी आणि ये."

"भरूक होयो."

"अगो, तेंका कप होयो! भरून काय करतले?"

"माझ्या आवशीन कधी कोणाचा भांडा रिकामा परत करूक नाय. त्या चेडवाक रिकामो कप देव? इतक्या सगळ्यानंतर?"

भाईंनी कपाळाला हात लावला. काकी देवापुढे गेल्या, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घालणं हे पुरुषमाणसाचं काम, पण भाईंना उभं राहता येत नव्हतं.

"गे आवशी माऊली, माझ्या हातान चूक झाली आसा ती पदरात घे. कप इलो तसो शाबूत त्या चेडवाच्या हातात पडांदे. तेचा काम जावक देव नको."

"व्हय म्हाराजा!" भाई खाटेवरून म्हणाले.

फळीवर मीही एक गाऱ्हाणं घातलं. तो फुटावा, असं. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पत्र मी ऐकलं होतं. त्या मुलीचं नाव ऐकलं होतं, तिची भावंडं ऐकली होती. तरी घातलं. माझ्या गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणणारं कोणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी काकी खोबऱ्याच्या वड्या करत होत्या. सोलं द्यावीत तर पावसात दमट झालेली. काजू द्यावेत तर गेल्या सालचे. शेवटी वड्या ठरल्या. नर्मदा पाट्यापाशी बसून वेलची वाटत होती आणि फुकट कॉफीत पाणी किती असेल यावर बोलत होती.

इतक्यात माडावरून नारळ सुटला आणि कौलांवर पडला. धाडकन आवाज झाला. भिंत हलली, फळी हलली.

आता नीट ऐका. माझी बशी माझ्याखाली होती. त्या खोलगट जागेत मी घट्ट बसलो होतो. नारळ पडून फळी हलली असं बारा वर्षांत वीसदा झालं असेल. मी कधी जागचा हललो नव्हतो. त्या दिवशीही हललो नसतो. बशीने मला धरून ठेवलं होतं.

मी तिला सोडलं.

मी सरकलो आणि त्याला धक्का दिला. आम्ही दोघेही खाली आलो.

तो सारवलेल्या जमिनीवर पडला, उडाला, पुन्हा पडला, पुन्हा उडाला आणि लोळत जाऊन चुलीच्या कडेला थांबला. साधा ओरखडाही नाही. मी पाट्याच्या कोपऱ्यावर पडलो. माझा कान तुटून नर्मदेच्या पायाशी गेला.

जमिनीवर आम्ही समोरासमोर होतो. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच बोलला.

"मला लागत नाही," तो म्हणाला. "कधीच लागत नाही. म्हणून कोणी जपत नाही. तुला ठाऊक आहे, आजवर कोणी माणूस माझ्यातून दुसऱ्यांदा प्यायलेला नाही. रोज नवे ओठ. उतरताना कोणी मागे वळून बघत नाही. ही पहिली बाई."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. ती पहिली बाई माझी होती.

"अगो बाय माझे!" म्हणत काकी धावल्या. माझ्यावरून धावल्या. त्याला उचललं, उजेडात धरलं, बोट फिरवून बघितलं, पदराने पुसलं, छातीशी धरलं.

नर्मदेने मला उचललं. "हेचो कान गेलो गो."

"जांव दी," काकी म्हणाल्या. "हो वाचलो मां!"

मित्रांनो, 'जांव दी' हे दोन शब्द मी शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या शब्दांशेजारी ठेवले आहेत. तेही जपून.

संध्याकाळी कप भरला. वड्या एकीवर एक, काठापर्यंत. वर झाकण हवं होतं, कारण बाहेर पाऊस आणि वाटेत तीन होड्या. काकी झाकण शोधू लागल्या. वाटी लहान, ताटली मोठी.

"ही बशी घे," नर्मदा म्हणाली. "कान गेलेल्या कपाक बशी कित्याक होयी?"

तिने माझी बशी उचलली आणि उपडी करून त्याच्यावर ठेवली. ती खोलगट जागा असते ना, तिच्या मागे बशीला एक गोल कडं असतं. ते त्याच्या तोंडात नेमकं बसलं. काकींनी हलवून बघितलं. डुगडुगलं नाही.

वर फडकं बांधलं. शुक्रवारी सकाळी दोघीजणी निघाल्या. नर्मदा कशाला, असं भाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, "एकट्याक बघून चोर म्हणतीत. दोघांक बघून वायच भियतीत."

दोन दिवस मी फळीवर एकटा होतो. माझ्याखाली नुसतं लाकूड.

रविवारी त्या परत आल्या. सांगितलं ते नर्मदेने. काकी गूळपाणी पीत बसल्या होत्या.

"फाटकार एक सायब. आत सोडी ना. मी म्हटलंय, चेडवाक भायर बोलव, नायतर मी हंयच बसतंय पावसात! मगे ता धावत इला. गाठोडा बघितल्यान आणि रडाक लागला. सायबान इचारल्यान, 'कप इतके दिवस कुठे होता?' आणि ही आमची, बोलली कशी, सांग गो!"

काकी लाजल्या. साहेबापुढे त्या पुस्तकी मराठीच बोलल्या होत्या. "मी म्हटलंय, साहेब, कप रिकामा होता, म्हणून थांबला."

खाटेवर भाई इतके हसले की पाय दुखला.

साहेबाने आधी काकींकडे बघितलं, मग कपात. एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग कागदावर लिहिलं, कप मिळाला, प्रवाशाच्या हातून चुकून गेला होता, मुलीचा दोष नाही. खाली सही केली. सत्यवतीचं काम राहिलं.

"आणि बशी?" भाईंनी विचारलं.

मी श्वास रोखून धरला होता. कपांना श्वास नसतो असं तुम्हाला वाटत असेल.

"बशी तेणा दिल्यान नाय," काकी म्हणाल्या. "विमान सुटाचा होता. तेच्या हातात भरूक कायच नव्हता. म्हणता कसा, 'आज्ये, आमच्याकडेय रिकामा देत नाय. पुढल्या खेपेक भरून देतंय.' मी काय म्हणतलंय? बरोबरच आसा तां."

पुढच्या महिन्यात गुरुदासने कळवलं, सत्यवतीला दुसऱ्या विमानावर घातलं, लांब, पूर्वेकडे. ती बशी बरोबर घेऊन गेली की मागे ठेवून, ते त्याने लिहिलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

काकींनी मला टाकून दिलं नाही. आधी त्या गरम चहा बशीत ओतून, फुंकून, घाईने पीत. आता बशी नाही आणि धरायला कानही नाही. त्या मला पुढ्यात ठेवतात आणि थांबतात. चहा निवला की दोन्ही तळहातांत धरतात. असं मला कोणी कधी धरलं नव्हतं. मी सुखात आहे. हे मी स्वतःला रोज सांगतो, आणि दुपारी माडांवरून विमानाचा आवाज आला की पुन्हा सांगावं लागतं.

मित्रांनो, एका कपासमोर दुसऱ्या कपाचं कौतुक करू नका, हे सांगून मी थांबणार होतो. जुन्या भांड्यांना जपा, हेही सांगणार होतो. तुम्ही जपालच. पण माझं काम वेगळं आहे.

कधी तुम्ही विमानात बसाल. जवळच्याच गावाला, तासाभरासाठी. कॉफी येईल, फुकट येईल. कपाकडे बघू नका, त्याच्याकडे सगळेच बघतात. त्याच्याखाली बघा. निळ्या रेघेची बशी असेल, मधोमध खोलगट जागा असेल, तर कॉफी तिच्यात ओता आणि फुंकून प्या. शेजारचा कोटवाला हसेल. हसू दे. तिला ओळखीचं वाटेल.

तिच्यावर आता कोणता कप ठेवतात, ते मात्र मला कळवू नका.